रक्त पिशवीच्या आधीचं की नंतरचं?

श्रावणातली गोष्ट. कानबाईचे रोट होऊन आठवडा झाला असेल. संध्याकाळी मेडिसिनच्या वॉर्डात बावीस वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. अनेर नदीच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या कुशीतलं त्याचं गाव. केळी भरणाऱ्या टोळीत कामाला जायचा. सोबत त्याचा मामा होता. मामाच्या हातात कोल्ड्रिंकची छोटी प्लास्टिकची बाटली होती आणि तिच्यात कोऱ्या काळ्या चहासारखं काहीतरी होतं. ती पोराची लघवी होती. वाटेत त्यानं ती मुद्दाम धरून आणली होती, डॉक्टरांना तोंडी सांगून पटणार नाही म्हणून.

हे प्रकरण लिहिताना रुग्णाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वैद्यकीय बाजू मात्र जशी घडली तशीच ठेवली आहे, आमची चूकसुद्धा.

हकीकत अशी. पाच-सहा दिवसांपूर्वी मुलाला थंडी वाजून ताप आला. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोट टोचून तपासणी झाली, व्हायवॅक्स प्रकारचा हिवताप निघाला. नियमाप्रमाणे तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन सुरू झालं. प्रायमाक्विनच्या साडेसात मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, म्हणजे १५ मिलिग्रॅम. ताप दुसऱ्याच दिवशी उतरला. चौथ्या दिवशी लघवी काळी झाली, डोळे पिवळे पडले आणि घराचा उंबरठा ओलांडतानाही पोराला दम लागायला लागला. आमच्याकडे आला तेव्हा हिमोग्लोबिन ५.८ होतं. रक्ताच्या काचपट्टीवर कडेनं चावा घेतल्यासारख्या दिसणाऱ्या लाल पेशी होत्या. शरीरातल्या लाल पेशी आतल्या आत फुटत होत्या. यालाच हिमोलिसिस म्हणतात.

प्रायमाक्विन बंद केलं. सलाईन लावलं आणि रात्री रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मेडिसिनच्या सरांनी जी-सिक्स-पीडी या लाल पेशीतल्या विकराची (एन्झाइमची) तपासणी सांगितली. रिपोर्ट नॉर्मल आला. चौथ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली, आठवड्यानं पोरगा घरी गेला. डिस्चार्ज कार्डावर निदान होतं: व्हायवॅक्स मलेरिया, मलेरियामुळे हिमोलिसिस.

मी फार्माकोलॉजीची डॉक्टर आहे. माझ्या विभागानं याच मुलासाठी भरलेल्या औषध-प्रतिक्रियेच्या फॉर्मवर वेगळं लिहिलं होतं: संशयित औषध प्रायमाक्विन. एकाच पोराच्या एकाच आजाराचे दोन कागद दोन गोष्टी सांगत होते, आणि त्यातला घरी गेलेला कागद माझा नव्हता.

आम्ही कोण

खानदेशात मी फार्माकोलॉजी म्हटलं की लोकांना मेडिकल स्टोअर आठवतं. माझ्या सासरच्या एका आजींनी अनेक वर्षं मला स्वस्तात गोळ्या आणून द्यायला सांगितलं. त्यात त्यांचा काही दोष नाही. फार्मसी म्हणजे औषध तयार करण्याचं आणि देण्याचं शास्त्र. औषध शरीरात गेल्यावर काय करतं, शरीर औषधाचं काय करतं आणि एकाला लागू पडणारी गोळी दुसऱ्याला का मारते, हे पाहणारं शास्त्र म्हणजे फार्माकोलॉजी. वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतो. आमच्या पिढीनं काजळी धरलेल्या ड्रमवर बेडकाच्या स्नायूचे आलेख काढले, आताची मुलं ते संगणकावर पाहतात. नीतिसमितीत बसतो, प्रिस्क्रिप्शनं तपासतो. आणि जिथे औषध-प्रतिक्रिया नोंदणी केंद्र असतं, तिथे फॉर्म हातात घेऊन वॉर्डावॉर्डातून फिरतो.

त्या फॉर्ममागे मोठी साखळी आहे. फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडिया, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम, २०१० च्या जुलैत दिल्लीच्या एम्समधून सुरू झाला आणि २०११ मध्ये गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे गेला. देशभरच्या केंद्रांतले अहवाल तिथे जमा होतात आणि तिथून स्वीडनमधल्या उप्साला मॉनिटरिंग सेंटरच्या जागतिक साठ्यात जातात. चार गोष्टी असल्याशिवाय अहवाल पुरा धरला जात नाही: रुग्णाची आद्याक्षरं आणि वय, काय झालं आणि कधी, कुठल्या औषधावर संशय, आणि कळवणारा कोण. रुग्ण स्वतःही कळवू शकतो, त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत फोन आहे.

साखळीचं हे टोक जिल्ह्याच्या गावात फार एकाकी असतं. आमच्या विभागात माणसं मोजकी. औषधामुळे झालं का, या प्रश्नावर माझ्याशी वाद घालू शकेल असा माझ्याच विषयाचा माणूस मैलोन्‌मैल नाही. वॉर्डातले डॉक्टर कामात बुडालेले असतात. फॉर्म दिसला की काहींना वाटतं, आपलीच चूक शोधायला आल्या. या एकाकीपणावर मला एकच उतारा सापडला आहे, तो म्हणजे आमच्या विषयाची राष्ट्रीय संस्था.

इंडियन फार्माकॉलॉजिकल सोसायटी १९६६ साली स्थापन झाली. त्याआधी फिजिओलॉजीवाले आणि आम्ही एकाच संघटनेत होतो. संस्थेचं नियतकालिक, इंडियन जर्नल ऑफ फार्माकोलॉजी, १९६९ पासून निघतं. त्या मांडवात कोण कोण येतं, हे बघण्यासारखं असतं. वैद्यकीय महाविद्यालयांतले एमडी, फार्मसी कॉलेजातले एम.फार्म. आणि पीएचडी, पशुवैद्यक, औषध कंपन्यांच्या सुरक्षा विभागातली माणसं. खरा फार्माकोलॉजिस्ट कोण, यावरून आमच्यात कुरबुरी होतात. माझं मत विचाराल तर हे मिश्रणच आमचं बळ आहे, आणि ते का, हे याच प्रकरणात मला कळलं. बाहेरदेशी याबाबतीत टोकाची भूमिका घेतली गेली होती. अमेरिकेतली आमच्या विषयाची संस्था १९०८ साली निघाली, तेव्हा औषध कंपनीत कायम नोकरी करणाऱ्याला सभासदत्वच मिळत नसे. ती अट १९४१ पर्यंत टिकली. त्यामागची भीती मला समजते. तशी अट आमच्याकडे असती, तर या मुलाच्या प्रकरणातला एक प्रश्न कुणी विचारलाच नसता.

भारतात या विषयाचा पाया घालणारे कर्नल रामनाथ चोप्रा. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये ते या विषयाचे प्राध्यापक होते. १९३०-३१ च्या औषध चौकशी समितीचे ते अध्यक्ष. बाजारातल्या बनावट आणि निकस औषधांवर त्या समितीनं बोट ठेवलं, आणि पुढे १९४० चा औषध कायदा आला. प्रयोगशाळेतल्या माणसानं बाजारात उतरून औषध तपासणं ही आमच्याकडची जुनी रीत आहे, एवढ्यासाठी हे सांगितलं.

सात गुण

औषधानंच झालं का, हे ठरवायला मोजमापं आहेत. त्यातलं एक नारांजो मापन, १९८१ सालचं. दहा प्रश्न, प्रत्येकाला गुण. नऊ किंवा वर आले तर निश्चित, पाच ते आठ म्हणजे बहुधा, एक ते चार म्हणजे शक्य.

आमच्या सहायक प्राध्यापक मॅडमनी आणि मी मिळून या मुलाचे गुण मांडले. असं आधी नोंदलं गेलंय का? गेलंय, अधिक एक. औषध घेतल्यानंतर झालं का? हो, अधिक दोन. बंद केल्यावर सुधारलं का? हो, अधिक एक. दुसरं काही कारण संभवतं का? आम्ही लिहिलं, नाही. अधिक दोन. तपासणीत पुरावा आहे का? आहे, अधिक एक. बाकीच्यांना शून्य. बेरीज सात. बहुधा प्रायमाक्विन.

चूक त्या "नाही"मध्ये होती, आणि ती माझी होती. मॅडमनी मला विचारलं होतं, "मॅडम, जी-सिक्स-पीडी नॉर्मल आहे, मग नक्की कशानं फुटल्या पेशी?" प्रायमाक्विनमुळे पेशी फुटतात त्या मुख्यतः ज्यांच्या लाल पेशीत हे विकर कमी असतं त्यांच्यात. लाल पेशीला गंज चढू न देण्याचं काम या विकराच्या जिवावर चालतं. प्रायमाक्विन शरीरात मोडताना गंज चढवणारे पदार्थ तयार होतात, आणि विकर कमी असलं की पेशी टिकत नाहीत. म्हणजे रिपोर्ट खरा असेल तर माझा संशय लंगडा होता. मी तेव्हा म्हटलं, नॉर्मल माणसातही थोडंफार होऊ शकतं, काळ-वेळ जुळतेय, पाठवून देऊ. गडबडीत होते. हे उत्तर मी विद्यार्थ्याकडून परीक्षेत चालवून घेतलं नसतं.

मेडिसिनच्या सरांचं म्हणणं सरळ होतं. "विकर नॉर्मल आहे मॅडम. मलेरियाच्या जंतूंनीच पेशी फोडल्या. प्रायमाक्विनवर कशाला ढकलता? उद्या केंद्रातले लोक ते द्यायचंच बंद करतील आणि ताप पुन्हा पुन्हा उलटत राहील." त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी परत उठतात. त्यांना तिथून काढायचं तर प्रायमाक्विन किंवा त्याच गटातलं औषध लागतं. पण याच कारणानं मला झोप येत नव्हती. या मुलाचा कोर्स चौथ्या दिवशी थांबला होता. ताप उलटण्याची शक्यता दाट होती. उलटला की तो त्याच केंद्रात जाणार, डिस्चार्ज कार्ड दाखवणार, आणि कार्डावर औषधाविरुद्ध एक अक्षर नसल्यामुळे त्याच दोन गोळ्या पुन्हा हातात पडणार.

पोस्टरसमोर

त्या हिवाळ्यात संस्थेच्या वार्षिक परिषदेला मॅडमनी हे प्रकरण पोस्टर म्हणून नेलं. भुसावळहून दोघींनी गाडी धरली. मी मुद्दाम बाजूला उभी राहिले, बोलायचं तिनं.

पोस्टरसमोर माणसं येतात, डोकावतात, पुढे जातात. बराच वेळ तसंच चाललं. मग एक निवृत्त प्राध्यापक थांबले. पांढरे केस, खांद्याला परिषदेची पिशवी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पोस्टर अगदी जवळून वाचलं. प्रश्न एकच विचारला.

"हे जी-सिक्स-पीडीचं रक्त पिशवीच्या आधीचं की नंतरचं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं. पोस्टरवर तारीख होती, वेळ नव्हती. मॅडमच्या फोनमध्ये इनडोअर पेपरचे फोटो होते, ते आम्ही तिथेच उभ्याउभ्या मोठे करून पाहिले. सिस्टरच्या अक्षरात नोंद होती: पहिली पिशवी रात्री ११.४० ला सुरू. तपासणीच्या चिठ्ठीवर दुसऱ्या दिवसाची दुपार. म्हणजे आम्ही जे विकर मोजलं, त्यातलं बरंचसं रक्तदात्यांचं होतं. शिवाय मुलाच्या स्वतःच्या पेशींपैकी म्हाताऱ्या, विकर संपत आलेल्या पेशी आधीच फुटून लघवीवाटे गेल्या होत्या. मागे उरल्या त्या कोवळ्या, विकर त्यातल्या त्यात जास्त असलेल्या. अशा वेळचा नॉर्मल रिपोर्ट काहीच सांगत नाही. तपासणी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करायची असते. हे मी वर्गात शिकवते. फळ्यावर लिहून देते.

प्राध्यापकांनी रागावलं नाही की उपदेश केला नाही. पुढचं विचारलं. "सातपुड्याचा पट्टा ना? सिकलिंग केलंत?" केलं नव्हतं. भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार किती आहे, हे खानदेशात काम करणाऱ्याला सांगावं लागू नये. २०२३ च्या १ जुलैला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं ते याच पट्ट्यांसाठी. "आणि आईकडच्या कुणाला असं झालं होतं का? मामाला?"

मामा. त्या रात्री बाटली घेऊन उभा होता तोच. जी-सिक्स-पीडी कमी असण्याचा दोष आईकडून मुलाकडे येतो, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बहुतेक वेळा आई वाहक असते आणि तिला स्वतःला त्रास होत नाही. तिच्या भावात आणि मुलांत तो उघडा पडतो. ज्याला हे विचारायला हवं होतं, तो माणूस आठवडाभर वॉर्डाच्या व्हरांड्यात गोधडी टाकून झोपत होता.

तेवढ्यात एक तरुण बाई थांबल्या. औषध कंपनीच्या सुरक्षा विभागात अहवाल तपासायचं काम करत होत्या. त्यांची नजर पोस्टरवरच्या औषधांच्या तक्त्यावर गेली. "बॅच नंबर नाही. आणि आरोग्य केंद्रात जाण्याआधी ताप किती दिवस होता? तेवढ्या दिवसांत कुणी काही दिलं होतं का?" रोज शेकडो अहवाल वाचणाऱ्या माणसाचा हा प्रश्न. आम्ही तक्त्यात केंद्रानं दिलेलीच औषधं लिहिली होती, कारण कागदावर तेवढीच होती.

परतीच्या गाडीत आम्ही पुन्हा गुण मांडले. दुसरं कारण संभवतं का? संभवतं. सिकलसेल तपासलेला नाही, आधीच्या गोळ्या माहीत नाहीत, विकराचा रिपोर्ट निकामी. अधिक दोनचं उणे एक झालं. सातचे चार. "बहुधा"वरून "शक्य"वर.

अनेरच्या काठी

पौषात आम्ही गावाला गेलो. सोबत आशाताई होत्या. पोरगा कामावर गेला होता, मामा घरी सापडला. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं.

सिकलसेलचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला. मामानं आत जाऊन पत्र्याची पेटी आणली. रेशनकार्डाच्या घडीत पोराचं सिकलसेल तपासणीचं कार्ड होतं, आश्रमशाळेत असताना झालेलं. त्यावर लिहिलं होतं: वाहक. वाहकाला सिकलसेलचा आजार नसतो, आणि अशा तऱ्हेनं पेशी फुटण्याचं कारण ते होत नाही. हा कागद पोरगा दाखल असतानाही या पेटीतच होता.

गोळ्यांचं मात्र कोडं पुरतं सुटलं नाही. ताप आल्यावर पहिले दोन दिवस पोरानं बाजारच्या गावातून पुडी आणली होती. कागदात बांधलेल्या सुट्या गोळ्या: एक पांढरी मोठी, एक बारीक, एक लाल-पिवळी कॅप्सूल. रिकामी पट्टी नाही, नाव नाही. पांढरी मोठी गोळी सल्फाची असेल तर तिच्यावरही संशय घ्यावा लागतो, कारण विकर कमी असलेल्यांना सल्फा गटातली काही औषधंही बाधू शकतात. साधी पॅरासिटामॉल असेल तर तिचा यात हात नाही. ते आता कधीच कळणार नाही. सुटी पुडी हा खानदेशातल्या औषध-सुरक्षेचा सर्वांत मोठा खड्डा आहे, असं मी आता ठामपणे म्हणते. औषधाचं नाव नसेल तर जगातला कुठलाही अहवाल पुरा होत नाही.

मग मी मामाला विचारलं, "मामा, तुमच्या घरात असं आधी कुणाला झालं होतं का? लघवी काळी?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मना बी असंच व्हयेल व्हतं. सुरतले कामले व्हतू तवय. थंडीताप उना, सरकारी गोया दिध्यात, चार रोजमा लघवी काई पडी गयी. कावीय शे म्हणीन झाडपालाना काढा लिधा."

"तेव्हा दवाखान्यात का नाही सांगितलंत, पोरगा ॲडमिट होता तेव्हा?"

"इचारं नही ना कोनी."

खरं होतं ते. केसपेपरवर कौटुंबिक इतिहासासाठी एक ओळ असते. त्या ओळीत आमच्याच इंटर्ननं लिहिलं होतं, विशेष काही नाही. इंटर्न परजिल्ह्यातला, अहिराणी कळत नसलेला. मी यावल तालुक्यातली, मला अहिराणी कळते, आणि मी त्या वॉर्डात फॉर्म घेऊन तीनदा गेले होते. मी मामाशी बोलले ते फक्त गोळ्यांच्या पाकिटाबद्दल.

मामा-भाच्याचं रक्त घेतलं. विभागात मागवलेल्या किटनं तपासणी केली. फिल्टर कागदावर ठिपके टाकायचे आणि अतिनील दिव्याखाली धरायचे. विकर असेल तर ठिपका निळसर चमकतो. खोलीतला दिवा मालवून आम्ही सगळे टेबलाभोवती उभे राहिलो. मॅडमच्या स्वतःच्या रक्ताचा ठिपका तुलनेसाठी ठेवला होता, तो स्वच्छ चमकला. त्याशेजारचे दोन ठिपके काळेच राहिले.

या अंधाऱ्या ठिपक्यांना मोठा इतिहास आहे. प्रायमाक्विनच्या आधीच्या पिढीतलं औषध प्लाझमोक्विन. त्यानं पेशी फुटल्याची सुरुवातीची एक नोंद १९२६ सालची आहे, आणि ती मध्य अमेरिकेत केळीचे मळे चालवणाऱ्या युनायटेड फ्रूट कंपनीच्या वैद्यकीय विभागाच्या अहवालात आहे. केळीच्या मळ्यातले मजूर, हिवताप आणि काळी लघवी. रावेर-यावलच्या माणसाला हे वाचताना कसं वाटतं, ते वेगळं सांगायला नको. पुढे तीस वर्षांनी, १९५६ साली, यामागे याच विकराची कमतरता आहे हे सिद्ध झालं. औषध आणि आनुवंशिकता यांचा संबंध सांगणारी आमच्या विषयाची अख्खी शाखा ज्या पायावर उभी आहे, त्यातला हा एक दगड. भारतात या दोषाचे अनेक प्रकार सापडतात. त्यातल्या एकाचं नावच केरळ-कल्याण आहे आणि आदिवासी समाजांत आढळणाऱ्या एकाचं ओरिसा. आमच्या मुलाचा प्रकार कुठला, ते पाहायला जनुक तपासावं लागेल. उपचारासाठी त्याची गरज नव्हती.

पाच

तिसऱ्यांदा बेरीज केली. दुसरं कारण संभवतं का? सिकलसेल गेला. मलेरियानं इतक्या पेशी फोडल्या असं म्हणायला आता जागा उरली नाही, कारण ताप उतरल्यावर, जंतू कमी होत असताना पेशी फुटल्या होत्या. पण पुडी राहिली. प्रामाणिक उत्तर "माहीत नाही" होतं, आणि त्याला शून्य गुण. बेरीज पाच. पुन्हा "बहुधा", पण काठावर.

एक गोष्ट मला अजून खटकते. मामाची हकीकत या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा आहे, आणि नारांजोच्या दहांपैकी एकाही प्रश्नात ती बसत नाही. तिथे विचारतात, या रुग्णाला आधी असं झालं होतं का. त्याच्या आईच्या भावाला झालं होतं का, असं कुणी विचारत नाही. जिथे एकाच पाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होतात, तिथे हा प्रश्न मापनात नसला तरी आमच्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या जागेत असायला हवा. आमच्या केंद्रात आता तो असतो. रक्त चढवलेल्या रुग्णाच्या प्रत्येक तपासणीपुढे सॅम्पलची वेळही लिहितो, तारखेवर भागवत नाही.

सुधारलेला अहवाल आम्ही जुन्याच क्रमांकावर पुन्हा पाठवला. मग मी मेडिसिनच्या सरांकडे गेले. मनात थोडी धाकधूक होती. त्यांनी ठिपक्यांचा फोटो पाहिला, इनडोअर पेपरवरची वेळ पाहिली आणि म्हणाले, "मीच पिशवीआधी सॅम्पल काढून ठेवायला सांगायला हवं होतं." नवं डिस्चार्ज कार्ड त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोनही त्यांनीच केला. ताप उलटला तर काय करायचं हेही तेव्हाच ठरलं: क्लोरोक्विन केंद्रात द्यावं, प्रायमाक्विनचा निर्णय रुग्णालयात घ्यावा. विकर कमी असलेल्यांना रोजच्या ऐवजी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, बारकाईनं लक्ष ठेवून प्रायमाक्विन देण्याचा मार्ग जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितला आहे. पण ज्याचं हिमोग्लोबिन एकदा सहाच्या खाली गेलंय त्याच्यासाठी तो निवडायचा का, हे त्या वेळी समोर बसूनच ठरवावं लागेल.

जिल्ह्यातल्या केंद्रांना वर्षातून एकदाच नव्हे, महिन्याला असे प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं. संस्थेकडे माणसं आहेत, जाण आहे, आणि आता फोनवरही बैठक होते. तासाभराची बैठक, एका जिल्ह्याचं एक प्रकरण, समोर एमडी, एम.फार्म. आणि कंपनीत अहवाल वाचणारं कुणीतरी. मी हे लेखी सुचवणार आहे, आणि पहिलं प्रकरण मांडायला आमचं केंद्र तयार आहे.

आम्ही दोन कार्डं करून घेतली. मराठीत, ठळक अक्षरात, प्लास्टिकमध्ये घालून. वर लिहिलं: माझ्या रक्तात जी-सिक्स-पीडी कमी आहे. खाली: डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रायमाक्विन किंवा सल्फाची गोळी देऊ नये. सुटी पुडी घेऊ नये. घरात कपड्यांत डांबर गोळ्या ठेवू नयेत. लघवी काळी झाली तर औषध थांबवून लगेच दवाखान्यात यावं. एक भाच्याचं, एक मामाचं.

मामा कार्ड न्यायला एकटाच आला. वाचता येत नाही म्हणाला, म्हणून मॅडमनी दोनदा वाचून दाखवलं. त्यानं प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ती मागून म्हटली. डांबर गोळीपाशी थांबला, नातवाच्या कपड्यांत आहेत म्हणाला, आज काढतो. मग दोन्ही कार्डं बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि दारापर्यंत जाऊन परत फिरला.

"बहीनना धाकला पोऱ्या शे, चौदा वरीसना. त्याले कवय आनू?"

बाजारच्या दिवशी आणा, सकाळी दहाच्या आत, असं मी सांगितलं. उपाशी आणायची गरज नाही, जेवून आला तरी चालेल.